हिरडीच्या खिशातलं औषध

"ताई, हिरडीत नॅनोचं औषध भरलं की पायोरिया मुळासकट जातो म्हणतात, खरं का?"

महिला मंडळाच्या आरोग्य बैठकीत हा प्रश्न अलीकडे आम्हाला दोन-तीनदा आला. कुणी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो, कुणाला खाजगी दवाखान्यात सांगितलेलं असतं, कुणाच्या पिशवीत 'नॅनो' छापलेली टूथपेस्ट असते. हो किंवा नाही म्हणून हा प्रश्न संपत नाही. त्यात विज्ञान आहे, थोडी जाहिरात आहे आणि आपल्या खिशाचाही सवाल आहे. म्हणून या वेळचं आरोग्याचं पान आम्ही पूर्ण त्यालाच दिलं आहे.

वस्तीत दातांचा विषय निघाला की बोलणं किडीवर जातं. कीड ठणकते, रात्रभर जागवते, मग माणूस डॉक्टरकडे जातो. हिरडी ठणकत नाही. सकाळी थुंकीत थोडं रक्त दिसतं, ते नळाच्या पाण्याबरोबर वाहून जातं. तोंडाला वास येतो, तो दुसऱ्याला कळतो, आपल्याला नाही. मग चाळिशीत एक दिवस पुढचा दात जिभेने ढकलला तर हलतो. तोवर काम बरंच पुढे गेलेलं असतं. आमच्या ओळखीच्या अडतीस वर्षांच्या एका घरकामगार बाईंचे खालचे चार दात एका दवाखान्यात एकाच आठवड्यात काढले. हिरडीवर उपचार होऊ शकतो का, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. दात काढणं स्वस्त पडतं, सांभाळणं महाग. आपल्या माणसांच्या बाबतीत हा हिशेब बहुतेक वेळा परस्परच केला जातो.

आधी रोग समजून घेऊ. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक फट असते, दाताभोवती बांगडीसारखी फिरलेली. निरोगी तोंडात ती १ ते ३ मिलिमीटर खोल असते. तिच्या तोंडाशी पांढुरका चिकट थर साचतो. तो अन्नाचा थर नसतो, जिवंत जंतूंची वसाहत असते. पाण्याच्या पिंपाला आतून हात लावला की बुळबुळीत लागतं ना, तो याच जातीचा थर. पिंपात नुसतं पाणी ओतून तो जात नाही, काथ्या घेऊन घासावा लागतो. दातांवरचा थर घासला नाही तर थुंकीतले क्षार त्यात बसतात आणि त्याचं दगडासारखं किटण होतं. किटण झालं की ब्रश हरला. ते डॉक्टरांच्या हत्यारानेच निघतं.

जंतूंचा हा थर हेच हिरडी सुजण्याचं कारण आहे, हे १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार सोप्या रीतीने दाखवलं. बारा निरोगी माणसांनी दात घासणं पूर्ण बंद केलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागले, आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत. एवढा साधा प्रयोग, पण आजही दंतवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो.

त्याच लो यांचा दुसरा अभ्यास आपल्याला जास्त जवळचा वाटावा असा आहे. १९७० पासून पंधरा वर्षं त्यांच्या गटाने श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० मजुरांचे दात पुन्हा पुन्हा तपासले. हे मजूर दात घासत नव्हते आणि दाताचा डॉक्टर त्यांना कधी मिळालेला नव्हता. सगळ्यांच्या दातांवर थर आणि किटण, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. तरी सगळ्यांचं सारखं झालं नाही. सुमारे ८ टक्के लोकांची हाडं झपाट्याने झिजली. ८१ टक्क्यांची हळूहळू झिजली. ११ टक्क्यांची गाडी नुसत्या सुजेवरच थांबली. दंतशास्त्र या अभ्यासातून खूप शिकलं. ज्यांच्यापर्यंत कसलीही सेवा पोचली नव्हती त्या मळ्यातल्या माणसांच्या तोंडातून शिकलं, हेही लक्षात ठेवावं. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

घाण सारखी असून नुकसान वेगवेगळं का? कारण नुकसान जंतू एकटे करत नाहीत, आपलंच शरीर करतं. जंतूंना मारायला पांढऱ्या पेशी धावून येतात आणि आपली हत्यारं तिथेच सोडतात. ही हत्यारं जंतूबरोबर हिरडीचे धागेही विरघळवतात, दाताला धरणारं हाड खातात. लढाई वर्षानुवर्षं चालते, कारण थर हटत नाही. फट खोल होते आणि तिचा खिसा होतो: ४ मिलिमीटर, ५, ६, त्याहून जास्त. तळाशी हवा नसते. पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जंतू अशाच बिनहवेच्या जागेत फोफावतो. सूज उतरते, पण गेलेलं हाड सहसा परत येत नाही. म्हणूनच वेळेला किंमत आहे.

ही लढाई कुणाची जास्त पेटते ते आता पक्कं माहीत आहे. एक मधुमेह असलेल्यांची, दुसरी तंबाखूवाल्यांची. आपल्या वस्तीत दोन्ही भरपूर आहेत.

तंबाखूबद्दल एक गोष्ट बायकांना मुद्दाम सांगायची आहे. "मिश्री लावायला लागले आणि रक्त यायचं थांबलं," असं आम्ही कितीतरी आयांकडून ऐकलं आहे. रक्त थांबतं हे कधी कधी खरंही असतं. तंबाखूने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात, लाली आणि रक्त दोन्ही कमी दिसतात. धोक्याची घंटा वाजायची बंद होते, आत हाड झिजतच राहतं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पुडी मात्र कोपऱ्यावर मिळते. मिश्रीवर तर कुणाचं लक्षच नाही, कारण ती घरात तव्यावर होते. घाणीत उतरणारे आपले सफाई कामगार भाऊ वास सहन व्हावा म्हणून तोंडात तंबाखू धरतात. त्यांना नुसतं 'सोडा' म्हणणं आम्हाला शहाणपणाचं वाटत नाही. आधी त्यांना मास्क आणि यंत्रं द्या.

मधुमेहाचं नातं दोन्ही बाजूंनी आहे. साखर वाढली की हिरडी बिघडते आणि हिरडीतली जुनी सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. २०२२ साली कॉक्रेनच्या तज्ज्ञांनी ३५ चाचण्या एकत्र तपासल्या. हिरडीवर नीट उपचार केलेल्या मधुमेहींची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे लॅबच्या कागदावरचा एचबीए१सी, तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४३ टक्क्यांनी खाली आली. आकडा लहान दिसतो, पण एक जादा गोळी जेवढं काम करते त्याच्या जवळपास जाणारा आहे. आम्ही जिथे नोकरी करत होतो तिथल्या मधुमेहाच्या कागदावर पायाचा रकाना होता, डोळ्याचा होता, लघवीचा होता. तोंडाचा नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे हिरडीचा गंभीर आजार असलेली माणसं जगात १०० कोटींहून जास्त आहेत. एवढ्या मोठ्या आजाराला गोळी का नाही?

गोळी आहे, पण ती फार कमी पोचते. अँटिबायोटिक पोटातून रक्तात जातं, रक्तातून सगळ्या शरीरात वाटलं जातं आणि हिरडीच्या खिशात थेंबभर उतरतं. वर जंतूंचा बुळबुळीत थर त्याला आत घेत नाही. बाकी शरीराला मात्र पूर्ण डोस बसतो. जुलाब होतात, पाच दिवसांचा कोर्स तिसऱ्या दिवशी सुटतो आणि जंतू औषधाला सरावतात. गुळणीचं पाणी तोंडात वरच्या वर फिरतं, खोल खिशाच्या तळाशी उतरत नाही.

मग औषध थेट खिशात का भरू नये? ही कल्पना नवी नाही. १९७९ साली बोस्टनच्या मॅक्स गुडसन यांनी टेट्रासायक्लिन भरलेला पोकळ धागा हिरडीच्या खिशात ठेवून पाहिला. अडचण होती ती खिशातल्या पाण्याची. सुजलेल्या हिरडीतून सतत एक द्रव झिरपत असतो. ५ मिलिमीटर खोल खिशातला द्रव तासाला सुमारे ४० वेळा बदलतो, म्हणजे दर दीड मिनिटाला खिसा धुऊन निघतो. नुसता औषधाचा थेंब टाकला तर तो पाच मिनिटंही टिकायचा नाही. औषधाला धरून ठेवेल आणि हळूहळू सोडेल असं काहीतरी हवं. सगळा खटाटोप या एका गोष्टीसाठी आहे.

त्यातून पुढे बऱ्याच गोष्टी आल्या. १९९८ साली अमेरिकेत क्लोरहेक्सिडिन भरलेल्या जिलेटिनच्या चकतीला मान्यता मिळाली. नखापेक्षाही लहान चकती, त्यात २.५ मिलिग्रॅम औषध, सात ते दहा दिवसांत विरघळते. २००१ साली मिनोसायक्लिनच्या बारीक गोळ्यांची पूड आली. त्या गोळ्या ज्या पदार्थाच्या बनतात त्याच जातीच्या पदार्थाचे आपोआप विरघळणारे टाके ऑपरेशनमध्ये वापरतात. बाळंतपणात टाके पडलेल्या बायकांना ते माहीत असतील. आपल्या देशात टेट्रासायक्लिन लावलेले कोलाजेनचे धागेही मिळतात.

यांचा उपयोग किती? त्या मिनोसायक्लिनच्या चाचणीत काही रुग्णांचं नुसतं किटण काढून मुळं साफ केली, तर काहींच्या खिशात त्यानंतर पूडही भरली. नऊ महिन्यांनी नुसत्या सफाईने खिसा १.०८ मिलिमीटरने उथळ झाला, सफाई आणि औषध मिळून १.३२ मिलिमीटरने. फरक पाव मिलिमीटरचा, एका पोस्टकार्डाच्या जाडीएवढा. मोठं काम सफाईने केलं, औषधाने थोडी भर घातली. 'नॅनो' शब्द ऐकताना हा आकडा डोक्यात ठेवा.

नॅनो म्हणजे किती लहान

एक मिलिमीटर घ्या. त्याचे हजार भाग केले की एक मायक्रॉन. हिरडीतला जंतू साधारण एक मायक्रॉनचा. त्या एका मायक्रॉनचे पुन्हा हजार भाग केले की एक नॅनोमीटर. आपला केस ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. वर सांगितलेल्या मिनोसायक्लिनच्या गोळ्या केसाच्या मापाच्या, म्हणजे जंतूपेक्षा कितीतरी मोठ्या. नॅनोकण मात्र बहुधा शंभर-दोनशे नॅनोमीटरचा, जंतूच्याही पाचव्या-दहाव्या हिश्शाचा. जंतूंच्या थरात पाणी वाहण्यासाठी बारीक वाटा असतात. मोठी गोळी थरावर पडून राहते, एवढा लहान कण त्या वाटांनी आत शिरू शकतो. हिरडीच्या पेशींत लपून बसलेल्या जंतूंपर्यंतही पोचू शकतो.

हे कण बनवायला वेगवेगळे पदार्थ वापरून पाहिले जात आहेत. विरघळणाऱ्या टाक्यांचा पदार्थ त्यात आहेच. कायटोसान आहे, जे कोळंबीच्या टरफलांतून आणि खेकड्याच्या कवचांतून काढतात. त्याच्यावर धन भार असतो आणि जंतूच्या अंगावर ऋण, त्यामुळे ते जंतूला आणि हिरडीच्या ओल्या कातडीला चिकटून बसतं, झिरपणाऱ्या पाण्याने सहज वाहून जात नाही. चरबीचे सूक्ष्म फुगे आहेत, चांदीचे कण आहेत. काही कण असे बनवले जात आहेत की सुजेच्या जागी बदललेली आम्लता किंवा तिथली विकरं लागली तरच ते उघडतात. निरोगी हिरडीत बंद पुडीसारखे राहतात. आम्हाला यातली सर्वांत आशेची वाटणारी दिशा मात्र जंतू मारण्याची नाही. शरीराची बेफाम झालेली सूज आवरणारी औषधं या कणांत भरून खिशात ठेवायची, असं काम चालू आहे. चहामळ्यातल्या त्या आठ टक्क्यांचं दुखणं तेच होतं ना. घाण सगळ्यांची सारखी, सूज त्यांची अनावर.

हे सगळं हवेतलं वाटत असेल तर २०२१ चा उन्हाळा आठवा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळी बुरशी आली. साखर वाढलेल्या माणसांना ती गाठत होती, कुणाचा डोळा गेला, कुणाचा वरचा जबडा काढावा लागला. तेव्हा ज्या इंजेक्शनसाठी नातेवाईक चिठ्ठी घेऊन जिल्हाभर फिरत होते, ते लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन हे नॅनोऔषधच. जुनं ॲम्फोटेरिसिन बुरशी मारायचं, पण मूत्रपिंडावर फार जड जायचं. तेच औषध चरबीच्या अतिसूक्ष्म फुग्यात बसवलं तर मूत्रपिंड बरंचसं वाचतं. एका कुपीला हजारो रुपये, दिवसाला अनेक कुप्या. ज्यांना ते मिळालं नाही त्यांना जुन्यावर भागवावं लागलं. नॅनोऔषध खरं असतं, कामाचं असतं आणि ते कुणाच्या हाती लागतं हा वेगळा प्रश्न असतो. तिन्ही गोष्टी आपण एकाच उन्हाळ्यात पाहिल्या.

हिरडीपुरतं आज कुठे आहे

हिरडीसाठीचं नॅनोकणांचं बहुतेक काम अजून काचेच्या बशीत आणि प्राण्यांत आहे. उंदराच्या दाताभोवती दोरा बांधून त्याची हिरडी सुजवतात आणि मग औषध तपासतात. २००५ साली मेक्सिकोतल्या शास्त्रज्ञांनी ट्रायक्लोसानचे नॅनोकण कुत्र्यांच्या हिरडीवर वापरून पाहिले होते. माणसांवर झालेल्या चाचण्या आहेत, पण लहान आणि थोड्या महिन्यांच्या. उंदराची हिरडी पंधरा दिवस बघणं वेगळं, आणि माणसाचा दात दहा वर्षं टिकतो का हे बघणं वेगळं. चांदीसारखे कण शरीरात साठले तर पेशींना अपाय करू शकतात, तेही तपासावं लागतं.

युरोपच्या हिरडीतज्ज्ञांनी २०२० साली उपचाराच्या पायऱ्या ठरवून दिल्या. पहिली पायरी घरची सफाई, तंबाखू सोडणं आणि साखर आवरणं. दुसरी पायरी हिरडीखालचं किटण हत्याराने काढणं. खिशात ठेवायची औषधं या दुसऱ्या पायरीला जोड म्हणून विचारात घेता येतील, असं म्हटलं आहे. तीही चकती आणि पूड यांसारखी आधीच मान्य झालेली.

म्हणून कुणी सफाई न करता 'नुसतं नॅनो जेल भरू' म्हणालं तर सरळ उठून यावं. पिंप न घासता फिनेल टाकण्यासारखं ते आहे. सफाई झाल्यावर जेल सुचवलं तर विचारा: कोणत्या दाताच्या खिशात भरणार, तिथली खोली किती मिलिमीटर आहे, औषधाचं नाव काय, ते बिलावर लिहून देणार का? खिशाची खोली मोजायला खुणा केलेली बारीक सळई असते आणि मोजायला काही मिनिटं लागतात. जो मोजत नाही त्याला भरायची घाई का, हा प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क आहे. टूथपेस्टवरच्या 'नॅनो'चा तर याच्याशी संबंधच नाही. ते बहुधा दाताच्या खनिजाचे कण असतात, दात शिवशिवण्यासाठी. हिरडीच्या खिशात ते उतरत नाहीत.

आणि सफाईबद्दलची ती जुनी भीती. "साफ केलं की दात ढिले होतात." दात आधीच ढिले असतात, किटणाने त्यांना सिमेंटसारखं जखडून ठेवलेलं असतं. किटण निघालं की सूज उतरते, हिरडी आकसते, फटी दिसायला लागतात, थोडे दिवस गार पाणी झोंबतं. आपल्याला वाटतं डॉक्टरने बिघडवलं. खरं तर आता कुठे हिरडी दाताला पुन्हा धरायला लागलेली असते.

चाचणीत नाव घालताना

सरकारी दंत महाविद्यालयं मुंबईत आहेत, नागपूरला आहेत, छत्रपती संभाजीनगरला आहेत. मुंबई महापालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे. तिथे हिरडीचा वेगळा विभाग असतो आणि पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर सफाई करतात, खाजगीच्या मानाने फार कमी पैशांत. आपल्या माणसांनी तिथे जावं असं आमचं स्पष्ट मत आहे. दोन-तीन खेपा होतात, रोज बुडतो, हे माहीत आहे. तरी कवळीपेक्षा ते स्वस्त पडतं.

पण तिथे एक प्रश्न तुमच्यापुढे येऊ शकतो: "आमच्या अभ्यासात भाग घ्याल का?" पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंध लिहायचा असतो आणि हिरडीत भरायच्या नव्या जेलवर बरेच प्रबंध होतात. नॅनोकणांचं औषध आपल्या वस्तीत आधी पोचलं तर ते दुकानातून नव्हे, याच दारातून पोचेल. कधी एकाच तोंडात उजव्या बाजूला नवं औषध आणि डाव्या बाजूला नुसती सफाई, अशी तुलना करतात. त्यात गैर काही नाही. असे अभ्यास झाल्याशिवाय औषध पुढे जात नाही आणि आपण नेहमी 'नाही'च म्हटलं तर आपल्या लोकांत ते कसं चालतं हे कधी कळणार नाही. मात्र चहामळ्यातल्या मजुरांसारखं नुसतं मोजून घ्यायला आपण बसायचं नाही. कळून-सवरून बसायचं.

देशात नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. संमतीचा कागद तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवा, म्हणजे मराठीत मागा. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवला पाहिजे. त्याची एक प्रत तुमच्या हातात यायला हवी. नको म्हणालात म्हणून नेहमीचा उपचार नाकारता येत नाही आणि मधूनच बाहेर पडायचं ठरवलं तरी कारण द्यावं लागत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई मिळण्याची तरतूद आहे. त्या कागदावर नैतिक समितीचा संपर्क असतो, तो वेगळा लिहून घ्या. आम्ही वॉर्डात असताना संमतीच्या कागदावर अंगठे घाईघाईत उठताना पाहिले आहेत, बाईला पलंगावरून नीट उठूही न देता. म्हणून सांगतो, घाई करणाऱ्याला म्हणायचं, "कागद घरी नेते, मुलीकडून वाचून घेते, उद्या येते." प्रामाणिक डॉक्टर यावर रागावत नाही.

घरचं काम आहेच. ब्रश मऊ घ्या आणि हिरडीच्या कडेशी तिरका धरून हळू फिरवा. कडक ब्रशने रगडलं की हिरडी सोलते, थर तसाच राहतो. नळाला पाणी सकाळी अर्धा तास येतं तेव्हा बादल्या भरायच्या की दात घासायचे, हे आम्हाला कळतं. म्हणून रात्रीच्या घासण्यावर आमचा भर आहे. एक तांब्या पाणी पुरतं आणि घाई नसते. बाभळीची किंवा कडुलिंबाची काडी वापरत असाल तर तिचा कुंचा चांगला मऊ करा. राखुंडी आणि विटेची पूड नको. घासताना रक्त आलं म्हणून तो भाग सोडून देऊ नका, तिथेच थर आहे. आठ-दहा दिवसांत रक्त कमी झालं नाही तर तपासून घ्या.

दंत रुग्णालयात जाताना सकाळी लवकर पोचा, केसपेपरची रांग नंतर वाढते. मधुमेह असेल तर साखरेचा शेवटचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. गोळी आणि नाश्ता चुकवून जाऊ नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद न करता आधी सांगा. गरोदर बाईनेही बिनधास्त सांगावं. हिरडीची सफाई गरोदरपणात करता येते. घरी आल्यावर खिशाची खोली किती निघाली ते आमच्या वहीत लिहायला या. पुढच्या तपासणीत आकडा कमी झाला की नाही ते आपण मिळून पाहू.

मिश्री सोडताना पहिल्या पंधरवड्यात डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, चिडचिड होते. त्यावर काय करायचं ते पुढच्या अंकात.